पडलेल्या उमेदवाराचा फोटो असलेला टी-शर्ट मॅचला घालायचा का?

उजवा_विंगर

मंडळी प्रश्न जरा विचित्र आहे, हसायचं तर हसा पण उत्तर द्या.

मी कोल्हापूरचा, पेठेतला. आमच्या तालमीची फुटबॉल टीम आहे, तालमीचं नाव सांगत नाही, कोल्हापूरकरांना अंदाज येईल पण तुम्हीबी लिहू नका, आमची पोरं सगळं वाचतात. पाचवीत होतो तेव्हा मामा सायकलवर डबलसीट घेऊन शाहू स्टेडियमला गेला होता, तेव्हापासून एक सीझन सोडला नाही (लग्न ज्या वर्षी झालं त्या वर्षी दोन मॅच चुकल्या, त्याचं अजून ऐकून घेतोय). शिरोलीला फाउंड्रीत आहे, मॅच असली की फर्स्ट शिफ्ट मागून घेतो.

तर झालं असं. १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेची निवडणूक झाली हे माहितीच आहे, पाच वर्षं प्रशासक होता त्यामुळं इच्छुकांचा नुसता पूर आलेला. आमच्या भागातले एकजण उभे होते, तालमीत लहानपणापासून येणारा माणूस, वाईट नाही. डिसेंबरात त्यांनी सपोर्टर पोरांना ३०० टी-शर्ट द्यायचं कबूल केलं. पुढं तालमीचं नाव आणि मारुती, आणि मागं अख्ख्या पाठीवर त्यांचा हात जोडलेला फोटो, खाली 'आपला माणूस'. ३०० शर्ट, २२० नं, म्हंजे ६६ हजार. ३० दिले, राहिलेले निकालानंतर देतो म्हणाले. निकाल लागला, पडले. फोन बंद. आता प्रिंटिंगवाला आमच्या दारात, ३६ हजार कोण देणार.

आणि खरी गंमत पुढं आहे. पंधरा दिवसांनी नॉकआऊटची मॅच आहे ती शेजारच्या पेठेबरोबर, आणि निवडून आलेला माणूस नेमका त्यांच्या तालमीचा. आम्ही तीनशे जण पडलेल्याचा फोटो पाठीवर घेऊन गॅलरीत बसलो तर समोरची गॅलरी काय काय घोषणा देईल हे तुम्हाला सांगायला नको. पडला पडला तर ठरलेलंच आहे, हलगी लावून.

अध्यक्ष म्हणतात घालायचाच, एकतर दुसरे शर्ट नाहीत आणि पडला म्हणून माणसाला टाकायचं नसतं. मी म्हणालो मी घालणार नाही, खेळात राजकारण नको. तर चौघं अंगावर आली, म्हणे तू फुटलायस. तुम्ही काय केलं असतं?

डेक्कनचा_बॅक

एकच विचारतो, राग मानू नकोस. तो माणूस निवडून आला असता तर तुला खेळात राजकारण नको हे सुचलं असतं का?

उजवा_विंगर

वर्मावर बोट ठेवलंस भावा. खरं सांगतो, मीटिंगला मी होतो आणि गप्प होतो. एवढंच काय, शर्टांचे तीन बॉक्स प्रिंटरकडनं तालमीपर्यंत माझ्याच अ‍ॅक्टिव्हावर आणलेत, दोन पुढं पायात आणि एक मागं पोराच्या मांडीवर. निवडून आले असते तर घातला असता बहुतेक. पण म्हणून आता चूक वाटतंय ते खोटं का?

जुना_गोली

पोरा, मी तुझ्या वडिलांच्या वयाचा असेन, मीबी कोल्हापूरचाच, दहा सीझन गोलात उभा राहिलोय आणि दोन बोटं अजून सरळ होत नाहीत.

राजकारण नको म्हणतोस तर कोल्हापुरात फुटबॉल उरेल का सांग. तालीम म्हंजे मुळात काय, लाल माती, आखाडा, कुस्ती. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं १९१२ ला ते कुस्तीसाठी. त्याच तालमींनी पुढं बॉल घेतला. माती तशीच राहिली, वस्ताद म्हातारे झाले, पोरं स्टेडियमकडं वळली. म्हणून आपल्या टीमांची नावं बघ, पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, उत्तरेश्वरवाल्यांची तर वाघाची तालीम. जगात कुठं आखाड्याच्या नावानं फुटबॉल टीम असेल तर दाखव मला. आणि तीच तालीम गणपती बसवते, शिवजयंती करते, मयताला खांदा देते, दवाखान्यात रक्त देते, मग निवडणुकीतच ती बाजूला कशी बसणार? केएसए म्हंजे आपली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन बघ, सुरवातीपासून राजघराण्याच्या आधारावर उभी. त्याच घराण्यातले मालोजीराजे २००४ ला आमदार झाले, त्यांचे वडील आत्ताचे शाहू महाराज २०२४ ला खासदार झाले. चंद्रकांत जाधव अण्णा तर स्वतः फुटबॉल खेळलेला माणूस, २०१९ ला आमदार झाला, २०२१ च्या डिसेंबरात गेला, त्या दिवशी पक्ष न बघता सगळ्या पेठांतली फुटबॉलवाली माणसं रडली. मी पण.

पण आमच्या वेळी एक होतं. पुढारी यायचा, नारळ फोडायचा, बक्षिसाची रक्कम जाहीर करायचा (निम्मी मिळायची) आणि जायचा. पाठीवर बसत नव्हता. आम्हाला जर्सी कसली, पांढरे बनियन आणून रंगाच्या बादलीत बुडवायचो, तालमीच्या मागं दोरीवर वाळत घालायचो. घाम आला की रंग अंगाला. मॅच झाल्यावर आठवडाभर मान निळी, आई उशीचा अभ्रा वेगळा ठेवायची. कुणाचा फोटो लावायचा म्हटलं असतं तरी दुसऱ्या हाफपर्यंत टिकला नसता.

माझं मत विचारशील तर घालू नको, पण अध्यक्षाला उलटून पण बोलू नको. मॅच बघायची तुम्हाला एकाच पायरीवर बसून.

काटाकिर्र

काकांनी बनियनचं लिहिलंय ते शंभर टक्के. माझ्या आज्ज्याचा एक फोटो आहे तसा, सगळी टीम आणि गळ्याजवळ डाग.

बाकी त्या उमेदवाराचा पक्ष कुठला ते सांग की, मग कळंल का पडला 😂

उजवा_विंगर

पक्ष काढू नका राव, मुद्दा तो नाही. चार जणांचा प्रभाग होता, आमच्याच गॅलरीत चार पक्षांची माणसं बसतात. गोल झाला की कोण कुणाच्या गळ्यात पडतंय ते बघत नाही कुणी. नंतर चहाला बसल्यावर भांडतात.

डेक्कनचा_बॅक

बरं आता माझं ऐका. मी पुण्याचा, तुम्ही शर्टावर कुणाचा फोटो यावरनं भांडताय म्हणजे तुमच्याकडं निदान टीम तरी आहे. आमची काय कथा आहे माहितीये ना? २०१४ ला आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग आली, त्यात आमची एफसी पुणे सिटी. आम्ही आठदहा मित्र बालेवाडीला जायचो, केशरी शर्ट, घसा बसेपर्यंत ओरडायचो, ट्रॅफिकमधनं घरी पोचायला अकरा. २०१९ ला एके दिवशी बातमी आली की टीम बंद, त्या जागी हैदराबाद एफसी. म्हणजे आपली टीम हैदराबादला गेली असंच समजायचं. बरं ती हैदराबादवाली २०२२ ला चॅम्पियन पण झाली, केरळला टायब्रेकरला हरवून, आणि त्यात तुमचा अनिकेत जाधव होता! आनंद मानायचा का रडायचं कळेना. आता ती पण नाही, २०२५ ला उचलून दिल्लीला नेली, नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. पुणे, हैदराबाद, दिल्ली, सहा वर्षांत. बदलीवरचा सरकारी अधिकारी तरी एवढा हिंडत नाही.

मुंबईवाल्यांचं पण तेच. सिटी ग्रुप आला २०१९ ला, मँचेस्टरवाले मालक म्हणून केवढी हवा, दोनदा कप जिंकले, आणि गेल्या डिसेंबरात मालक हिस्सा सोडून निघून गेले.

तुमची तालीम कोण उचलून दिल्लीला नेणार आहे का? मारुतीला विचारल्याशिवाय? नाही ना. मग सहन करा थोडं.

उजवा_विंगर

अनिकेतचं नाव काढलंस म्हणून सांगतो, २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला आपली टीम दिल्लीत खेळली तेव्हा आमच्या चौकात स्क्रीन लावलेली. अमेरिका, कोलंबिया, घाना, तिन्ही मॅच हरलो पण रिक्षावाल्याचं पोरगं भारताच्या जर्सीत बघून स्टॉपवरचे सगळे रिक्षावाले पेढे वाटत होते. त्या वेळी पण दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला, अनिकेतचा फोटो एवढासा आणि शुभेच्छुकांचे अकरा. अकरा! अख्खी टीम.

निळा_पांढरा_१०

आपला माणूस फोटोत पाहिजे हा रोगच आहे, कोल्हापूर काय आणि कोलकाता काय. १३ डिसेंबरला मेस्सी सॉल्ट लेकला आला तेव्हा माझा चुलतभाऊ तिथं होता, तो नेव्हीत आहे, पोस्टिंग तिकडंच. महिन्याच्या पगारातला मोठा हिस्सा घालून तिकीट काढलं. सांगत होता की मेस्सी आला हे स्पीकरवरनं कळलं, दिसलं काय तर सूटवाल्यांचा घोळका, मंत्री, त्यांची पोरं, फोटोग्राफर, आणि मधनं कधीतरी एक डोकं. थोड्या वेळात मेस्सीला घेऊन गेले. मग बाटल्या उडाल्या, खुर्च्या उडाल्या. ते चूकच आहे पण राग कुठनं आला ते पण बघा. तिथल्या क्रीडामंत्र्यानं राजीनामा दिला नंतर.

दुसऱ्या दिवशी वानखेडेला नीट झालं म्हणतात, सचिन भेटला, छेत्री भेटला. पण तिथं पण स्टेजवर सिनेमावाले आले तेव्हा पब्लिकनं बू केलं.

तेव्हा तुमच्या शर्टावर पाठीमागं फोटो आहे ना, पुढं नाही ना, मॅच तरी दिसतीय ना? घाला.

सांबा_गंगावेश

मेस्सीभक्तानं दर्शन न झाल्याचं दुःख मांडलेलं आहे, नोंद घेतली 😄 आम्हा ब्राझीलवाल्यांना असल्या नवसाची गरज नाही, पाच वर्ल्डकप आहेत.

निळा_पांढरा_१०

२००२ नंतर काय केलं तेवढं सांगा. २०१४ ला घरात सात गोल खाल्ले. १८ डिसेंबर २०२२ ला अर्जेंटिना वर्ल्डकप जिंकली त्या रात्री तुझा ब्राझीलचा कटआऊट कोणी काढून ठेवला ते आठवतंय का, आम्हीच काढला, वाऱ्यानं पडेल म्हणून. वर्ल्डकप जूनमध्ये आहे, परत उभा करायला दोर लागला तर सांग.

डिचोलीकर

मी गोव्याचा, थोडं आमचंही ऐका. राजकारण्याचा फोटो शर्टावर म्हणून तुम्ही इतके बेजार, आमच्याकडे तर अख्ख्या क्लबालाच राजकारण्याचं नाव रे! चर्चिल ब्रदर्स. चर्चिल आलेमाव १९९० साली काही दिवस मुख्यमंत्री होते, आणि क्लब दोनदा आय-लीग (तेव्हाची देशाची मुख्य लीग) जिंकलेला, २००९ आणि २०१३. बाणावली-वार्का बाजूला विचारा, कोणाला त्यात विचित्र वाटत नाही. आणि दुसरे कोण, तर धेंपो आणि साळगावकर, म्हणजे खाणवाले शेट. ते रागावले आणि २०१६ साली आय-लीगमधून बाहेर पडले की बसा घरी. धेंपो परत यायला २०२४ उजाडलं. पात्रांव म्हणजे मालक मेहेरबान तर फुटबॉल चालू, नाहीतर मैदानावर गवत.

गेल्या वर्षीचंच बघा. चर्चिलला आय-लीगचा चॅम्पियन म्हणून जाहीर केलं, घरोघरी फटाके, आणि मग जुलैत स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादानं निकाल दिला की चॅम्पियन इंटर काशी. माझा सासरा चर्चिलवाला, तो अजून हॉलमधला 'चॅम्पियन'चा कागद काढत नाही.

मी स्वतः १४ ऑक्टोबरला फातोर्ड्याला होतो, भारत-सिंगापूर. छांगतेनं पहिला गोल केला तेव्हा माझा मुलगा माझ्या मानेवर. १-२ हरलो. परत येताना गाडीत कोणी बोलेना, फोंड्याला थांबून भजी घेतली तीही कोणी खाल्ली नाही. आठच दिवसांनी तिथंच रोनाल्डोची टीम अल-नस्र आली, रोनाल्डो येणार म्हणून लोकांनी तिकिटं काढली, तो आलाच नाही. पण गोवा एफसीनं एक गोल घातला त्यांना, ब्रायसननं, १-२ ने हरलो तरी लोक नाचत घरी गेले. दोन्ही मॅचचा स्कोर तोच, बघा. त्यानंतर भारत ढाक्याला जाऊन बांगलादेशकडूनही हरला तेव्हा मुलानं टीव्हीच लावला नाही.

आयएसएल तर जुलैपासून लोंबकळत होती, एग्रीमेंट संपत आलेलं आणि नवं होईना म्हणून. तुमचा सीझन वेळेवर चालू आहे, गॅलरी भरते, हेच मला नवल वाटतं.

काटाकिर्र

वेळेवर? 😂 आमच्याकडं सीझन कशानं थांबतो माहितीये का, भांडणानं. दगड पडला की पोलीस आले, पोलीस आले की मॅच बंद. आम्ही एग्रीमेंटची वाट बघत नाय.

माहेर_शिवाजीपेठ

सगळे पुरुषच बोलताय म्हणून लिहितेय. माझं माहेर शिवाजी पेठ, सासर मंगळवार पेठ. ज्यांना कोल्हापूर माहितीये त्यांना यातच सगळं कळलं. मॅचच्या दिवशी आमच्याकडं स्वयंपाक सकाळीच होतो कारण संध्याकाळी एकजण जेवणार नसतो हे ठरलेलं, कोण ते रेफ्रीवर.

पहिलं म्हणजे फोटो हा मोठा प्रश्न नाहीच. मी मुलीला घेऊन गॅलरीत गेले होते, नऊ वर्षांची आहे, स्वतः खेळते. हाफटाईमपर्यंत तिनं सहा नवे शब्द शिकले आणि घरी येऊन आजीला अर्थ विचारले. समोरच्या गोलीच्या आईबहिणीचा उद्धार करताना आपल्या शेजारी कुणाची तरी आईबहीण बसलीय हे एकालाही दिसत नाही. आणि बाथरूमला जायचं झालं तर काय हाल होतात ते मी इथं लिहित नाही. यावर कधी मीटिंग झाली का तुमच्या तालमीत? पोरींची कोल्हापूर सिटीची टीम देशाच्या लीगमध्ये खेळून आली, २०१९-२० ला, त्यांना किती टी-शर्ट छापले होते कुणी? तीस तरी?

दुसरं, तुमचा शर्टाचा प्रॉब्लेम आहे तो दोन संध्याकाळचं काम आहे. फोटोवर कापडाची पट्टी लावा. टेलर कॉलरला वापरतात ते पेस्टिंगचं कापड मिळतं, इस्त्रीनं चिकटतं. महाद्वार रोडला होलसेलमध्ये स्वस्त पडेल. पण शर्ट पॉलिस्टरचा असणार, इस्त्री थेट लावली तर शर्टच चिकटून येईल, मधे पेपर किंवा सुती पंचा ठेवा आणि इस्त्री फिरवू नका, दाबून धरा, दहापर्यंत मोजा. पट्टीवर तालमीचं नाव स्क्रीन प्रिंट करून घ्या. चार बायकांना नीट सांगितलं तर करतील, पण नीट सांगा, आणि चहा तुम्ही करा.

माहेरची मॅच असती तर ही आयडिया दिली नसती हे पण सांगून ठेवते.

उजवा_विंगर

ताई साष्टांग नमस्कार. गॅलरीतल्या शिव्यांचं खरंय, मी पण देतो, खोटं कशाला बोलू. पोरगा पाचवीत गेला तेव्हापासून कमी केल्यात. म्हंजे आता रेफ्रीलाच देतो.

पट्टीची आयडिया नाद खुळा आहे. अध्यक्षांना सांगतो पण ते म्हणतील माणसाचं तोंड झाकणं म्हंजे अपमान.

म्युनिकचा_सातारकर

मी मूळचा साताऱ्याचा, नऊ वर्षं म्युनिकमध्ये. इथलं सांगतो कारण अगदी तसाच वाद बघितलाय, फक्त आकडे मोठे.

बायर्नच्या शर्टाच्या बाहीवर कतार एअरवेजचं नाव असायचं. बऱ्याच मेंबरांना ते पटत नव्हतं, तिथं बांधकामावरच्या मजुरांचे जे हाल होतात म्हणून. २०२१ च्या नोव्हेंबरात क्लबची वार्षिक सभा झाली, मेंबरांनी ठराव आणला की करार नको, वरच्यांनी तो मतालाच टाकला नाही. तर रात्री उशिरापर्यंत लोक उठून ओरडत होते, अध्यक्ष स्टेजवरनं निघून गेला. माझा ऑफिसमधला सहकारी तिथं होता, एरवी लिफ्टमध्ये पण हळू बोलणारा माणूस, दुसऱ्या दिवशी घसा बसलेला. २०२३ ला करार संपला, पुढं वाढवला नाही.

इथं नियम आहे की क्लबच्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मतं मेंबरांकडं राहिली पाहिजेत, एकदोन क्लब सोडले तर सगळ्यांना लागू. त्यामुळं डेक्कनवाल्यांसारखं टीम उचलून दुसऱ्या गावाला नेणं जमत नाही. मी जेव्हा पहिल्यांदा हे समजून घेतलं तेव्हा मनात म्हटलं ही तर गणपतीची वर्गणी झाली! पावती फाडली की मंडळाच्या मीटिंगला बोलायचा हक्क. तो तुमच्याकडं आधीपासून आहे. फरक एवढाच की इथला माणूस पावती दाखवून ओरडतो आणि आपण पावती खिशात ठेवून मीटिंगला गप्प बसतो आणि मग इंटरनेटवर विचारतो. (मी पण तसलाच, सोसायटीच्या मीटिंगला साताऱ्यात कधी तोंड उघडलं नाही.)

३६ हजार वर्गणी काढा, प्रिंटरचे फेडा. पैसे तुमचे झाले की शर्ट तुमचा, मग झाका नाहीतर फाडा.

जुना_गोली

सातारकर बरोबर बोलला. ज्याचा पैसा त्याची पाठ.

डेक्कनचा_बॅक

पण काका मग उद्या वर्गणी कमी पडली की परत कोणतरी येणारच ना पाकीट घेऊन. बाहेरचे प्लेयर आणायचे तर पैसा लागतो, मध्यंतरी तुमच्याकडं नायजेरियाचे पण खेळून गेले. ते काय वर्गणीवर?

जुना_गोली

नाही आणले तर काय बिघडतं? पेठेतली अकरा पोरं खेळवा. हरतील. आम्ही पण हरायचो.

काटाकिर्र

काका तुम्ही हरायचा म्हणून तर आता आणावे लागतात 🙏😂

उजवा_विंगर

अपडेट देतो, बरेच जण मेसेजमध्ये विचारत होते.

मीटिंगला बोललो. पहिल्यांदाच उभा राहून बोललो, आवाज कापत होता, आधी कबूल केलं की बॉक्स मीच आणले होते. दोघंतिघं हसली. अध्यक्ष अर्धा तास तापले, मग म्हणाले पैशाचं काय ते सांग. ठरलं असं की ज्यानं शर्ट घेतलाय त्यानं २०० रुपये द्यायचे, १८० जणांनी दिले की ३६ हजार होतात. आजपर्यंत १०७ जणांचे आलेत, २१ हजार ४०० माझ्याकडं डब्यात आहेत, बायकोनं डबा तांदळात ठेवलाय.

पट्टीचं काम तालमीत वर हॉलला केलं. माझी आई, वहिनी, गल्लीतल्या सहासात जणी, चार इस्त्र्या. पहिल्याच शर्टाला पोरानं पेपर न ठेवता इस्त्री टेकवली आणि उमेदवाराच्या मिशीसकट गोल भोक पडलं. मग नीट झालं. दोन संध्याकाळी १४० शर्ट. चहा आम्ही केला, तीनदा, पहिल्यांदा साखर विसरली. एकच घोटाळा झाला, स्वस्तात बसेल म्हणून मी पातळ कापड आणलं. उजेडात धरलं की खालनं दात दिसतात. तालमीच्या नावाच्या बरोबर मधे, हसल्यासारखे.

मॅच काल झाली. समोरच्या गॅलरीला आधीच बातमी लागलेली, आम्ही आत आल्या आल्या हलगी आणि 'पट्टी काढा, पट्टी काढा'. आमच्यातली चार पोरं उठली, बसवली. पहिला गोल आमचा, कॉर्नरवरनं हेड, सत्तराव्या मिनिटाला त्यांनी फेडला. १-१. टायब्रेकर. आमच्या बॅकनं चौथी किक बारवर मारली. ४-३ नं हरलो. आईनं घरी विचारलं पट्टी निघाली नाही ना कुणाची. म्हणालो नाही. मग बरं म्हणाली.

आणि एक. हाफटाईमला मागं वळलो तर वरच्या पायरीवर ते साहेब बसलेले. एकटेच, साधा शर्ट, तिकीट काढून आलेले. निकालानंतर पहिल्यांदाच दिसले. शंभर-सव्वाशे पाठी त्यांच्या समोर होत्या, सगळ्यांवर पट्टी, म्हंजे दिसलं असणारच. काही बोलले नाहीत. खाली आले, माझ्या हातात शेंगदाण्याची पुडी दिली, गोलीला लेफ्टला सरकायला सांग म्हणाले, लेफ्टला मोकळी जागा सोडतोय. बरोबर होतं त्यांचं. मी पुडी घेतली.

डेक्कनचा_बॅक

आणि ३६ हजारांचं?

उजवा_विंगर

ते नाही बोलले.

डेक्कनचा_बॅक

आणि तू?

उजवा_विंगर

सेकंड हाफ चालू झाला होता ना.